रोज एक चित्र : तळ नसलेल्या छंदाची योग्य मात्रा

‘डॉक्टर, रक्तदाब ठीक, साखर ठीक, पण दिवस काही जात नाही हो!’ हे वाक्य दवाखान्यात कानावर पडले नाही असा आठवडा सरत नाही. बोलणारे बहुधा साठीच्या आसपासचे असतात. नोकरी संपलेली, मुले पुण्या-मुंबईला किंवा त्याहून लांब, घरात दोघेच किंवा एकटेच. सकाळ फिरण्यात आणि वर्तमानपत्रात जाते. दुपारची झोप लांबते, म्हणून रात्रीची उडते. मग झोपेची गोळी मागितली जाते. वाचकहो, अशा वेळी गोळी लिहून देणे सोपे असते. पण दुखणे पुष्कळदा गोळीचे नसतेच. दुखणे असते रिकाम्या वेळेचे.

‘एखादा छंद लावून घ्या’ हा सल्ला सगळेच देतात. कोणता छंद, रोज किती वेळ आणि कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज एका नेमक्या छंदाविषयी लिहीत आहे. हा छंद आहे फ्रॅक्टल चित्रे शोधण्याचा आणि तयार करण्याचा. नाव परके वाटले तरी घाबरू नका. त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही, की शाळेत गणितात चांगले गुण मिळालेले असावे लागत नाहीत. घरातला जुना संगणक किंवा मोबाईल पुरतो. तोही नसेल तर कागद, पेन्सिल आणि सापशिडीचा फासा पुरतो. मात्र या छंदाची एक खोड आहे. त्याला तळ नाही. त्यामुळे औषधाप्रमाणेच त्याचीही मात्रा आधी ठरवून घ्यावी लागते. ती कशी, हेच आज सांगायचे आहे.

फ्रॅक्टल म्हणजे काय?

बाजारातून फ्लॉवरचा गड्डा आणा आणि त्याचा एक तुरा मोडून हातात घ्या. तो तुरा म्हणजे लहानसा गड्डाच दिसतो. त्या तुऱ्याचा आणखी छोटा तुकडा काढा, तोही तसाच. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या दरडींवर नेचा उगवतो, त्याच्या एकेका पातीत संपूर्ण पानाची छोटी प्रत दिसते. ज्या आकृतीचा लहान भाग मोठ्या आकृतीची आठवण करून देतो, आणि जितके जवळ जावे तितका नवा तपशील दिसतच राहतो, तिला ढोबळमानाने फ्रॅक्टल म्हणतात. निसर्गात हा खेळ काही पायऱ्यांनंतर थांबतो. गणितात तो थांबत नाही.

हा शब्द बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५ मध्ये रूढ केला. त्यांचा जन्म १९२४ मध्ये पोलंडमधील वॉर्सा येथे झाला, शिक्षण फ्रान्समध्ये झाले, आणि पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत त्यांनी अनेक वर्षे संशोधन केले. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. लॅटिन भाषेत ‘फ्रॅक्टस’ म्हणजे मोडलेला, तुकडे झालेला. हाड मोडले की आम्ही डॉक्टर ज्याला फ्रॅक्चर म्हणतो, त्या शब्दाचे कूळही हेच.

मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता : ब्रिटनचा किनारा किती लांब आहे? उत्तर असे की, ते तुमच्या मोजपट्टीवर अवलंबून आहे. मोठ्या पट्टीने मोजले तर लहान वळणे सुटतात, लहान पट्टीने मोजले तर ती धरली जातात आणि लांबी वाढते. हे आपल्याकडेही घडले आहे. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर हे आपण शाळेत पाठ केले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तोच आकडा ११,०९८.८१ किलोमीटर झाला. महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ वरून सुमारे ८७८ किलोमीटरवर गेला. देश काही एवढा वाढला नाही. आधीचे मोजमाप ४५ लाखांस १ अशा प्रमाणाच्या नकाशावरचे होते, नवे अडीच लाखांस १ अशा प्रमाणावरचे. नकाशा बारीक झाल्याबरोबर खाड्या, वळणे आणि खाचाखोचा मापात आल्या.

एका ओळीच्या गणितातून चित्र

आता संगणकावरच्या चित्राकडे येऊ. सर्वांत प्रसिद्ध फ्रॅक्टल आकृती मँडेलब्रॉट यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचे गणित एका ओळीत मावते : हातातल्या संख्येचा वर्ग करा, त्यात एक ठरावीक संख्या मिळवा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. सुरुवात शून्यापासून.

ठरावीक संख्या १ घेतली तर उत्तरे येतात १, २, ५, २६ अशी. ती उधळत जातात. उणे १ घेतली तर उणे १, ०, उणे १, ० असे झुलत राहते. कधीच उधळत नाही. अर्धा घेतला तर ०.५, ०.७५, १.०६, १.६३, ३.१५ असे जरा रेंगाळून मग उधळते. संगणक पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी हाच हिशेब करतो. ज्या ठिपक्याची उत्तरे उधळत नाहीत त्याला बहुधा काळा रंग देतात, आणि जी उधळतात त्यांना ‘किती पायऱ्यांत उधळली’ त्यानुसार वेगवेगळे रंग. एवढ्यावर ती नक्षी उमटते. काळ्या आकृतीच्या कडेला जावे तसे भोवरे, वेली, मोरपिसे, आणि मधूनच मूळ आकृतीची इवलीशी प्रत दिसू लागते.

या गणिताचा पाया संगणकाच्या फार आधीचा आहे. फ्रान्सचा गणितज्ञ गास्ताँ ज्यूलिया पहिल्या महायुद्धात जखमी झाला, त्याचे नाक गेले. पुढे आयुष्यभर त्याने चेहऱ्यावर चामडी पट्टी बांधली. १९१८ मध्ये त्याने या विषयावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. आपण काय शोधतो आहोत याचे रंगीत चित्र त्याला तेव्हा पाहता येणे शक्य नव्हते. आज ते आपण घरबसल्या पाहतो.

आपल्या शरीरातही तेच

डॉक्टर हे सगळे का सांगतो आहे, असे वाटेल. कारण आपले शरीरही अशाच फाट्यांवर उभे आहे. श्वासनलिका छातीत उतरून दोन होते, दोनाच्या चार, अशी सुमारे २३ वेळा फाटे फुटत जाते. शेवटी असतात हवेचे सूक्ष्म फुगे, सरासरी ४८ कोटींच्या आसपास. त्या सर्वांचा पृष्ठभाग पसरला तर तो ७० चौरस मीटरांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक भरतो, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी सदनिकेएवढा. एवढी जागा छातीच्या पिंजऱ्यात बसते ती केवळ या फाट्यांच्या रचनेमुळे. बिडी-सिगारेटच्या धुराने या फुग्यांच्या भिंती नष्ट होतात, चार लहान फुग्यांचा एक मोठा ढिला फुगा होतो आणि पृष्ठभाग घटतो. म्हणून जुन्या बिडी ओढणाऱ्यांना जिना चढताना धाप लागते. फ्रॅक्टल कळले की हे दुखणेही चटकन कळते. रक्तवाहिन्या, डोळ्याच्या पडद्यावरची शिरांची जाळी, यकृतातील पित्तनलिका, सर्वत्र हीच तऱ्हा.

नाडीचेही तसेच आहे. निरोगी हृदय घड्याळाच्या काट्यासारखे तंतोतंत चालत नाही. दोन ठोक्यांमधील अंतर किंचित कमी-जास्त होत असते. बॉस्टनच्या हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील डॉ. एरी गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हे चढउतार मिनिटांच्या आलेखात पाहा की तासांच्या, त्यांची ठेवण सारखीच दिसते. वार्धक्यात आणि हृदयाच्या काही आजारांत ही ठेवण बिघडते. मात्र यावरून कोणी ‘माझी नाडी चुकते, म्हणजे हृदय उत्तम’ असा अर्थ काढू नये. हे फरक इतके सूक्ष्म असतात की बोटाला लागत नाहीत. बोटांना नाडी अनियमित लागत असेल, तर ईसीजी काढून घ्यावा.

हा छंद कशासाठी?

पहिला फायदा म्हणजे यात निवड आहे. टीव्हीपुढे आपण बसून राहतो आणि चित्रे येत जातात. इथे पुढे कुठे जायचे ते तुम्ही ठरवता. कोणता भाग मोठा करायचा, चौकट कुठे धरायची, रंग कोणते, कुठे थांबायचे, हे सारे निर्णय तुमचे. निवृत्तीनंतर माणसाच्या वाट्याला निर्णय कमी येतात. त्याची सवय मोडते. रोज अर्धा तास का होईना, ती सवय टिकते.

दुसरा फायदा, यात चुकण्याची भीती नाही. गाणे बेसूर होते, चित्र बिघडते आणि लोक हसतील असे वाटते. इथे नावडले तर मागे या, दुसरीकडे जा. साठीनंतर नवे शिकताना ‘आपल्याला जमेल का’ हा जो संकोच असतो, तो इथे फार आड येत नाही.

तिसरा फायदा, दाखवायला काहीतरी हाती येते. नातवाला पाठवता येते, छापून भिंतीवर लावता येते, आणि संध्याकाळी कट्ट्यावर दुखण्यांखेरीज बोलायला एक विषय मिळतो.

छंद आणि आरोग्य यांविषयी ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२३ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३,२६३ व्यक्तींची माहिती त्यात तपासली होती. ज्यांना छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी, आणि समाधान अधिक आढळले. यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी : ज्याची प्रकृती बरी त्यालाच छंद करता येतो, असेही असू शकते. तरीही दिशा आश्वासक आहे.

खास फ्रॅक्टल आकारांवरही प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टेलर आणि सहकाऱ्यांना असे दिसले की लोकांना फार साधे आणि फार गुंतागुंतीचे आकार तितकेसे भावत नाहीत. मधले, म्हणजे ढग किंवा झाडाच्या फांद्यांइतकी गुंतागुंत असलेले आकार अधिक आवडतात. पण हे प्रयोग लहान आहेत. चित्र पाहून रक्तदाबाची गोळी बंद होईल, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. तसे सांगणारा कोणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

‘आणखी एकदा’ची ओढ

आता खोडीकडे वळू. शब्दकोडे सुटले की संपते. मालिकेचा भाग अर्ध्या तासात संपतो. स्वेटरचे विणकाम लोकर संपली की थांबते. फ्रॅक्टल संपत नाही. एका भोवऱ्यात शिरलो की आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. प्रत्येक वेळी वाटते, आणखी एकदाच आत जाऊ.

पूर्वी या ओढीला आपोआप लगाम होता. १९८५ च्या ऑगस्टमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या मुखपृष्ठावर मँडेलब्रॉटची आकृती झळकली आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती आपापल्या संगणकावर काढायला घेतली. पुढे १९८८ च्या सुमारास ‘फ्रॅक्टिंट’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आला. पण त्या काळच्या यंत्रावर खोलातले एक चित्र पुरे व्हायला कधी तासन् तास लागत. हौशी माणूस रात्री यंत्र सुरू ठेवून झोपायला जाई आणि सकाळी चित्र पाही. वाट पाहणे हा छंदाचाच भाग होता, आणि झोपही होत असे. आज तेच चित्र मोबाईलवर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तयार होते. लगाम गेला, तो आता आपल्यालाच घालायचा आहे.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. रक्तदाबाची गोळी चालू, प्रकृती स्थिर. मुलीने त्यांना जुना लॅपटॉप दिला आणि हे फ्रॅक्टल दाखवले. हात यंत्रात मुरलेला, त्यामुळे महिन्याभरात गडी तरबेज झाला. तीन महिन्यांनी आले तेव्हा रक्तदाब १७०/१०० होता. विचारल्यावर कळले, रात्री दीड-दोनपर्यंत बसणे, सकाळी उशिरा उठणे, फिरणे बंद, आणि सकाळची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा राहून जाते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘डॉक्टर, ते यंत्र काढूनच घ्या.’ मी तसे सांगितले नाही. ज्या गोष्टीने माणूस सकाळी उत्साहाने उठू लागला होता, ती काढून घेऊन काय साधणार? आम्ही मात्रा ठरवली : रोज एकच चित्र, संध्याकाळी ६ ते पावणेसात, आणि चित्राला नाव देऊन वहीत नोंद केली की लॅपटॉप बंद. दोन महिन्यांनी रक्तदाब पुन्हा पहिल्यासारखा झाला. श्रेय एकट्या मात्रेचे नव्हे. गोळी आणि फिरणेही वेळेवर आले होते. पण ते वेळेवर आले, ते छंद जागेवर आल्यामुळे.

मात्रा कशी ठरवावी?

१. दिवसाला एकच चित्र. दहा बघा, पण ठेवा एकच. त्यामुळे नजर निवडक होते आणि शेवट ठरलेला राहतो.

२. वेळ ३० ते ४५ मिनिटे. सुरू करण्याआधी गजर लावा. गजर दुसऱ्या खोलीत ठेवला तर बंद करण्यासाठी उठावेच लागते.

३. झोपण्याआधी किमान एक तास पडदा बंद. पडद्याचा उजेड आणि मनाची चाळवाचाळव, दोन्ही झोपेला मारक.

४. फिरणे आधी, चित्र नंतर. आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालणे हा नियम छंदासाठी मोडू नये.

५. मधुमेहींनी जेवणाची आणि औषधाची वेळ सोडून बसावे. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी नादात जेवण लांबवले, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

६. चित्राला मराठी नाव द्या आणि वहीत तारीख, जागा, रंग लिहा. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक जागेचे दोन अंक दिसतात, एक आडवा आणि एक उभा; ते टिपले की पुन्हा तिथे जाता येते. आडवा उणे ०.७४५ आणि उभा ०.११ या जागेजवळ ‘समुद्रघोड्यांची दरी’ आहे, आणि ०.२८ व ०.०१ जवळ सोंडा वर केलेल्या हत्तींची रांग. सुरुवात तिथून करावी.

प्रोग्रॅम विकत घेण्याची गरज नाही. ‘केऑस’ असा उच्चार असलेला एक प्रोग्रॅम मोफत मिळतो. त्यात माऊसचे डावे बटण दाबले की आत जाता येते, उजवे दाबले की बाहेर. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगितले तर तो दहा मिनिटांत बसवून देईल.

डोळे आणि मान सांभाळा

एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, पाणी येते. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात. पंख्याचा झोत थेट डोळ्यांवर नको.

पडदा हातभर अंतरावर आणि नजरेपेक्षा किंचित खाली असावा. बायफोकल चष्मा वापरणारे खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करतात आणि मग मान धरते. अशांनी पडदा आणखी खाली घ्यावा किंवा या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मोबाईलवर करणाऱ्यांनी तो मांडीवर ठेवून मान वाकवू नये. टेबलावर पुस्तकांची चळत करून त्यावर टेकवावा. अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी मारावी.

रंगांशी रोज खेळणाऱ्याला आणखी एक गोष्ट लवकर उमगते. तीच चित्रे हळूहळू फिकी, पिवळट दिसू लागली, निळा रंग मळकट वाटू लागला, तर दोष संगणकाचा समजू नका. मोतीबिंदूची सुरुवात अशीही होते. नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

कोणी जपून राहावे?

या प्रोग्रॅमांमध्ये रंग सतत पळते ठेवण्याची सोय असते. चित्र लखलखते, मुलांना गंमत वाटते. पण ज्यांना फिट्स येतात, त्यांच्यापैकी काहींना अशा लखलखाटाने झटका येऊ शकतो. लहान मुले आणि किशोरवयीनांमध्ये हे अधिक आढळते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळा उजेड वेगाने लखलखला आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल तर पळते रंग बंदच ठेवा. स्थिर चित्राने बहुधा त्रास होत नाही, पण दाट काळ्या-पांढऱ्या पट्ट्या टाळाव्यात. बाकीच्यांनीही खोलीत दिवा लावूनच बसावे.

अर्धशिशीच्या काही रुग्णांना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा दिसतात. त्या साधारण अर्ध्या तासात जातात. ‘फ्रॅक्टल फार पाहिले म्हणून दिसतात’ अशी समजूत करून घेऊ नका. पन्नाशीनंतर हे पहिल्यांदाच झाले, किंवा सोबत बोलणे अडखळले, हातापायातली शक्ती गेली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. तसेच एका डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, विजेसारख्या चमका किंवा पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. डोळ्याचा पडदा सुटत असल्यास तास मोलाचे असतात.

संगणक नसेल तर

ज्यांना पडद्यासमोर बसायचेच नाही, त्यांच्यासाठी दोन युक्त्या. कागदावर मोठा त्रिकोण करून त्याच्या कोपऱ्यांना अ, ब, क अशी नावे द्या. आत कुठेही एक ठिपका काढा. फासा टाका. १ किंवा २ पडले तर अ, ३ किंवा ४ ला ब, ५ किंवा ६ ला क. ठिपक्यापासून त्या कोपऱ्याकडे अर्धे अंतर जाऊन नवा ठिपका काढा. आता त्या नव्या ठिपक्यापासून पुन्हा तेच. पहिले पाच-सहा ठिपके धरू नका. दोनशे-तीनशे ठिपके झाले की त्रिकोणात त्रिकोण, त्यात त्रिकोण, अशी रिकाम्या खिडक्यांची जाळी उमटू लागते. फासा आंधळा, तरी आकृती शिस्तीची! सुट्टीत आलेल्या नातवंडांबरोबर दोन-तीन दुपारी सहज जातात.

दुसरी आकृती स्वीडनच्या हेल्गे फॉन कोख यांनी १९०४ मध्ये मांडली. ९ सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण काढा. प्रत्येक बाजूचे तीन सारखे भाग करून मधल्या भागावर बाहेरच्या अंगाला छोटा त्रिकोण उभारा आणि त्याचा पाया पुसा. कडेची लांबी २७ सेंटिमीटरची ३६ होते. पुन्हा केले की ४८, पुन्हा केले की ६४. कड वाढतच जाते, पण आकृती कागदाबाहेर जात नाही. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या भगिनींना हे माझ्यापेक्षा लवकर जमेल. हात कापत असेल किंवा बोटे आखडत असतील तर त्यांनाही थोडा व्यायाम होतो.

छंद म्हणजे उपचार नव्हे

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. रिकामेपण आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या माणसाला छंद मिळाला की तो खुलतो. नैराश्य आलेल्या माणसाला आवडता छंदही नकोसा होतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे, आवडत्या गोष्टीत रस उरला नाही, भूक गेली, पहाटे तीन-चारला जाग येते, ‘आपला कोणाला उपयोग नाही’ असे वाटते, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अशा माणसाला ‘छंद लाव, मन रमव’ म्हणून ढकलू नका. डॉक्टरांकडे घेऊन या. जगणे नको असे विचार येत असतील तर उद्याची वाट पाहू नका. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

उलट बाजूही पाहा. छंदापायी जेवण टळते, झोप मोडते, घरच्यांशी बोलणे तुटते आणि बंद करायला सांगितले की राग येतो, असे होऊ लागले, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. आठवडाभर वेळ निम्मी करावी. तेही जमत नसेल तर संकोच न करता सांगावे. आता हे प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ आहेत.

बाकीच्यांनी मात्र या आठवड्यात एक वही आणावी. पहिल्या पानावर तारीख घालावी, एक चित्र शोधावे, त्याला नाव द्यावे आणि यंत्र बंद करून फिरायला निघावे. उरलेली आकृती कुठे जात नाही. ती उद्याही तिथेच असते.